फोन वाजला, निरोप कळला नाही : आपत्तीचा इशारा देणाऱ्यांना वेदगंगेकाठावरून खुले पत्र

प्रति,
केंद्रातल्या, राज्यातल्या आणि जिल्ह्यातल्या ज्या अधिकाऱ्यांवर आपत्तीचा इशारा लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आहे, त्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी कर्नाटकातल्या निपाणी भागात, वेदगंगेच्या काठावरच्या एका गावात राहते. गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी आहे. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी पाचला शटर वर करायचं, दूध मोजून घ्यायचं, फॅट लावायची, पावती फाडायची, हे माझं काम. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर दिवसातून दोनदा माझ्यासमोर उभं राहतं. त्यामुळे कुणाच्या फोनवर काय आलं हे बऱ्याचदा त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. "वैनी, हे काय आलंय बघा की जरा," असं म्हणत माणसं किटली खाली ठेवतात आणि फोन पुढे करतात. बँकेचा मेसेज, गॅसचा मेसेज, रेशनचा ओटीपी, सगळं मी वाचून दाखवते.

१२ ऑक्टोबर २०२३ च्या गुरुवारी संध्याकाळी मात्र अख्ख्या रांगेने फोन पुढे केले.

त्या दिवशी कर्नाटकात आपत्ती इशाऱ्याची चाचणी होती. दुपारच्या जेवणाआधीची वेळ. आमच्या दारात सोयाबीनची मळणी चालली होती. मशीनचा आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. त्या आवाजावर चढून आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कमरेच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. नेहमीची रिंग नव्हती ती. थांबून थांबून येणारा कर्कश भोंगा, आणि फोन नुसता थरथरतोय. आत्तींनी पिशवी सोडून भुसकटाच्या ढिगावर टाकली. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. घाबरून त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी आलं काय गं?"

आभाळ स्वच्छ होतं. नदी पात्रात होती. तरी त्यांच्या मनात पहिलं पाणीच आलं, आणि ते का आलं हे मी पुढे सांगते.

मी फोन उचलला. संदेश इंग्रजीत होता आणि कन्नडमध्ये होता. इंग्रजीतला मी वाचला. हा नमुना संदेश आहे, दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्टने पाठवला आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या देशव्यापी यंत्रणेची ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा, तुम्हाला काहीही करायचं नाही. मला कन्नड बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. अक्षर जुळवत वाचलं, त्यातही तेच होतं. आत्तींना दोन्ही वाचता आलं नसतं. त्या अडाणी नाहीत. मराठी चौथी शिकल्यात, रोज संध्याकाळी हरिपाठ वाचतात, चष्मा लावून पंचांग बघतात. वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात एवढा महत्त्वाचा कागद यावा आणि त्याच क्षणी तो माणूस निरक्षर ठरावा, हे मी त्या दिवशी आमच्या अंगणात पाहिलं.

संध्याकाळी संस्थेत प्रत्येकाने आपापली हकीकत सांगितली. एकजण नदीकाठच्या मळीच्या रानातून वैरणीचा भारा तिथेच टाकून घरी पळत आला होता. एका आजीने अंगणवाडीतून नातवाला उचलून आणलं होतं. कुणाला वाटलं बॅटरी फुटणार, कुणाला वाटलं खात्यातले पैसे गेले. कन्नड वाचणाऱ्या दोघा-चौघांनी खुलासा केला, तोवर दिवस मावळला होता. मग कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने उपाय काढला. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इशारे बंद करता येतात, हे त्याला माहीत होतं. रांगेतल्या एकेकाचा फोन घेऊन त्याने ते बंद करून दिले. माणसं त्याचे आभार मानून गेली. आत्तींचा फोन मी स्वतः त्याच्या हातात दिला. ही माझी चूक झाली, ती मी या पत्रात कबूल करते. पुढच्या मृगाआधी मी तो पुन्हा चालू केला. पण रांगेतल्या किती जणांचा तसाच बंद राहिला असेल, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नसणार.

या गोष्टीला पावसाळे उलटले. आता तरी कुणी विचारायला येईल म्हणून वाट पाहिली. शेवटी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. तिथल्या माणसाने अर्ज वाचला, चांगलं बोलला, आणि म्हणाला, "टेस्ट सक्सेसफुल झाली आहे, रिपोर्ट वर गेलाय." मी विचारलं, गावात कुणाला विचारून सक्सेसफुल ठरवली? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर त्याने द्यायचं नाहीच, ते तुम्ही द्यायचं आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते. २०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच आठवड्यात महापूर आला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि हायवे बंद पडला, हे तुमच्या दप्तरात असेलच. आमच्या घरातलं तुमच्या दप्तरात नाही. रात्री दहाच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती कागल तालुक्यात दिलेली आहे, म्हणजे महाराष्ट्रात, आमच्यापासून दुचाकीने अर्ध्या तासावर. ती म्हणाली, "अक्का, आमच्याकडं स्पीकरवरनं सांगत्यात, पाणी रातचं वाढणार हाय, नदीकडची घरं सोडा म्हणून. तुमच्याकडं सांगितलं का?" आमच्याकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. मामंजी म्हणाले, पाणी मारुतीच्या देवळाच्या चौथ्या पायरीवर आहे, पाचवी बुडाली तर बघू. त्यांच्या आयुष्यात पाचवी पायरी एकदाच, २००५ ला बुडाली होती. रात्री दोनला गल्लीत पाणी आलं. आम्ही पोरांना आणि आत्तींना माडी असलेल्या शेजारघरात पोहोचवलं. परत येईतो गोठ्यात छातीभर पाणी होतं. दोन म्हशी आणि एक रेडकू दाव्याला बांधलेलं होतं. एका म्हशीचं दावं मामंजींनी विळ्याने कापलं, ती पोहत निघाली, दुसऱ्या दिवशी वरच्या शिवारात सापडली. दुसरीचं दावं पाण्याखाली ताणून घट्ट बसलं होतं, हाताला लागेना. रेडकू तिच्याजवळच होतं.

नदीकाठच्या कुठल्याही माणसाला विचारा. जनावर मोकळं असलं तर पोहून जगतं, बांधलेलं असलं तर मरतं. आम्हाला त्या रात्री तासभर आधी दोन शब्द हवे होते : दावी सोडा. आजही सरकारी इशाऱ्यात ते दोन शब्द मराठीत येतील याची खात्री मला कुणी देत नाही. आत्ती भर उन्हात "पाणी आलं काय" म्हणाल्या, ते यामुळे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली भाषेची. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही. तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. मी पाण्याबद्दल बोलते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत लाखो माणसांची वाचायची भाषा मराठी आहे. कन्नड काढा असं कुणीही म्हणत नाही; आमच्या गल्लीत कन्नड घरं आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत इशारा मिळालाच पाहिजे. कन्नडसोबत मराठी द्या, एवढंच मागणं आहे. हेच मी पलीकडच्यांनाही सांगेन. जत आणि अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी गावं महाराष्ट्रात आहेत, तिथे इशारा कन्नडमध्येही गेला पाहिजे.

यात तांत्रिक अडचण आहे असं कुणी म्हणेल, तर ते मला पटणार नाही. माझ्या भाच्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, त्याने मला हे समजावून सांगितलं. साधा एसएमएस एकेका नंबरवर जातो, म्हणून गर्दी झाली की अडतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम निरोप ऐकवतो. नंबर लागत नाही, फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. एसएमएसच्या एका तुकड्यात देवनागरीची सत्तर अक्षरं मावतात, ब्रॉडकास्टच्या एका संदेशात सहाशेच्या वर. ही यंत्रणा परदेशातून आणलेली नाही, आपल्याच सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बांधली आहे. सचेत नावाची जी इशारा व्यवस्था देशभर चालते, तीही त्यांचीच, आणि ती मुळातच अनेक भाषांसाठी बांधली आहे. मराठी ही आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. महाराष्ट्रासाठी मराठी मजकूर तिथे तयारच असतो. तोच मजकूर वेदगंगेच्या या काठाला का मिळू नये?

आणखी एक गोष्ट, जी कदाचित बेंगळुरूत किंवा दिल्लीत बसून दिसत नाही. सीमेवरच्या गावात फोन कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्रातला. कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ उभं राहिलं तर चार पावलांवर नेटवर्क बदलतं. आमच्या गावात वरच्या गल्लीत एक टॉवर लागतो, नदीकडे दुसरा. टॉवरवरून निरोप सुटणार असेल, तर एकाच घरातल्या दोन फोनवर दोन राज्यांचे दोन निरोप येऊ शकतात, नाहीतर एकावर येईल आणि दुसऱ्यावर नाही. सीमेवर नेमकं काय होतं, हे शोधायलाच चाचणी असते ना? मग ती सीमेवरच्या गावात येऊन, दोन्ही राज्यांची माणसं शेजारी उभी करून एकदा तरी करा.

दुसरी तक्रार निरोपात काय लिहिता याची. भाषा मराठी झाली म्हणजे काम संपलं असं मी समजत नाही. पावसाळ्यात आमच्यापर्यंत जे आकडे येतात ते क्युसेकमध्ये येतात. राजापूर बंधाऱ्यातून इतके हजार क्युसेक, अलमट्टीतून इतके हजार, कोयनेत इतके टीएमसी. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर हा आकडा तर इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण आमच्या गल्लीचं त्यातून काहीच ठरत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. माझ्या संस्थेतला दुधाचा कॅन ४० लिटरचा असतो. मी हिशोबात मुरलेली बाई, पण हजारो कॅन सेकंदाला सुटले तर मारुतीची कितवी पायरी बुडेल, हे मला सांगता येत नाही. ते तुमच्या इंजिनियरला काढता येईल. 

आमच्याकडे नदी मोजायची पद्धत आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. देवळाच्या सात पायऱ्या. तिसरी बुडाली की मळीतल्या मोटारी वर काढायच्या. चौथी बुडाली की वैरणीच्या गंज्या हलवायच्या. पाचवीला खालची गल्ली सोडायची. २०१९ नंतर तरुण मंडळाच्या पोरांनी देवळाच्या भिंतीवर तांबड्या रंगाने रेघ मारली, ती सातव्या पायरीच्याही वर, माझ्या खांद्याला लागते. अशा खुणा नदीकाठच्या गावोगाव आहेत, कुठे पायऱ्या, कुठे पिंपळाचा पार, कुठे शाळेचा ओटा. कोरड्या दिवसांत एक माणूस लेव्हलचं यंत्र घेऊन आला, तर एका गावाच्या खुणा नदीच्या मोजपट्टीशी जुळवायला एक दिवस पुरेल. मग इशाऱ्यात लिहिता येईल, की रात्री बाराच्या सुमारास पाणी पाचव्या पायरीला लागेल. ते वाचून आमच्या गावात एकही माणूस झोपून राहणार नाही.

पुलांचंही तसंच. पाऊस लागला की इथले पूल कुठल्या क्रमाने जातात हे सगळ्यांना माहीत आहे. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी, भोजवाडी-कुन्नूर, तिकडे दूधगंगेवर कारदगा-भोज, कृष्णेवर यडूर-कल्लोळ. दरवर्षी हे पूल पाण्याखाली जातात आणि दरवर्षी कुणीतरी अंधारात दुचाकी घालतो. "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" या वाक्याने त्याची गाडी थांबणार नाही. पुलाचं नाव घेतलं तर थांबेल.

मी रात्री बसून एक निरोप लिहून पाहिला. तो असा :

वेदगंगेला आज रात्री पूर येणार. जत्राट-भिवशी पूल बंद. नदीकडच्या गल्ल्यांनी जनावरांची दावी सोडावीत, म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन शाळेकडे जावं. मदतीला १०७७.

दोनशे अक्षरंसुद्धा झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत मी तो काही न सांगता वाचला. पहिल्या वाक्यालाच तिघे नदीकडे बघायला लागले. त्यांना थांबवून सांगावं लागलं की हे नुसतं लिहिलेलं आहे, खरं नाही. म्हणून तुमच्या चाचणीतही, चाचणी आहे हे पहिल्या ओळीत आणि कळणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, हेही मी त्याच सकाळी शिकले.

तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. चाचणी झाल्यावर कुणी फिरकलं नाही. फोन वाजले हे तुमच्या यंत्राला कळलं असेल. माणसाला काय कळलं, हे यंत्राला कळत नाही. मी रोज दुधाची फॅट तपासते. नमुना घेतला आणि आकडा वाचलाच नाही, तर तो नमुना कशाला घेतला असं सभासद मला विचारतील, आणि बरोबरच विचारतील. त्या दिवशी आमच्या गावातून एक आकडा मिळाला असता : किती माणसांना निरोप समजला. तो कुणी घेतला नाही. उलट "दुर्लक्ष करा" हा निरोप ज्यांना वाचता आला, ते दुर्लक्ष करायला शिकले. ज्यांना नाही आला, ते घाबरले आणि त्यांनी इशारेच बंद केले. पुढच्या वेळी खरा इशारा या दोघांनाही उठवायचा आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. महापुरात लाइट पहिल्या दिवशी जाते, आणि जावी लागते, नाहीतर पाण्यात करंट उतरतो. लाइट गेली की फोन दुसऱ्या दिवशी बंद. टॉवरच्या बॅटऱ्याही फार टिकत नाहीत. २०२३ साली केंद्राने नियम काढून नव्या फोनमध्ये, साध्या बटनाच्या फोनमध्येही, ही सोय सक्तीची केली ते चांगलंच केलं; पण आमच्याकडे माणसं फोन तुटेपर्यंत वापरतात. म्हणून फोनच्या जोडीला आवाज हवा. साखर कारखान्याचा भोंगा या भागात पाच-सहा गावांना ऐकू जातो. देवळाचा स्पीकर आहे, मशिदीचा आहे, हलगी वाजवून दवंडी देणारी माणसं अजून आहेत. टीव्हीवर दाखवतात, जपानमध्ये गावोगाव आपत्तीसाठी कर्णे बसवले आहेत आणि त्यांवर रोज संध्याकाळी एक धून वाजते. पोरांना घरी जायची वेळ कळते आणि कर्णा चालू आहे हेही रोजच्या रोज कळतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा अमावस्येला स्पीकर तपासला तरी पुष्कळ झालं.

पाचवी, पाण्याच्या बातमीची. आमच्याकडे पूर येतो तो बराचसा वरच्या पावसाचा. भुदरगड, राधानगरीच्या डोंगरात पाऊस कोसळतो. पाटगाव धरणाचं पाणी वेदगंगेत, काळम्मावाडी धरणाचं दूधगंगेत. राधानगरीचे दरवाजे तर धरण भरलं की आपोआप उघडतात, ते पंचगंगेतून कृष्णेला आणि कृष्णेतून पुढे चिकोडी, रायबाग, अथणीला. हिडकलखाली घटप्रभेची, खानापुरात मलप्रभेची आपापली दुखणी आहेत. दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी एकमेकांशी बोलतात हे मी पेपरात वाचते. ते बोलणं कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाला ज्या वेळी कळतं त्याच वेळी आम्हाला कळलं पाहिजे. २०१९ ला माझ्या बहिणीच्या गावाला आणि माझ्या गावाला एकाच नदीची बातमी वेगवेगळ्या वेळी मिळाली. नुसता भाषेचा नाही, तो चार तासांचा फरक होता, आणि त्या चार तासांत आमचा गोठा गेला. त्याच पुरात काळम्मावाडीचं धरण फुटलं अशी आवई व्हॉट्सॲपवर उठली आणि माणसं अंधारात डोंगराकडे पळाली. खरी बातमी वेळेवर आली नाही की तिच्या जागी आवई येते, हे आम्ही भोगलं आहे.

हे सगळं मी उपकार म्हणून मागत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमलं, जिल्हाधिकाऱ्यांना त्याचं अध्यक्ष केलं, आणि पूर्वसूचनेची व्यवस्था उभी करून ती लोकांपर्यंत नेण्याचं काम त्याच्याकडे दिलं. घटनेच्या ३५० व्या कलमाने नागरिकाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिला आहे. त्या हक्काने मी हे पत्र मराठीत लिहिते आहे. माझं गाऱ्हाणं मराठीत ऐकून घ्यायला तुम्ही बांधील आहात, तर माझ्या जिवावरचं संकट मला मराठीत सांगायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या या. पुढच्या चाचणीत बेळगाव जिल्ह्याच्या मराठी भागात संदेश कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत यावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो दोन्ही भाषांत बोलूनही दाखवला जावा. चाचणीच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध संस्थेत, रेशन दुकानात मराठी आणि कन्नड पत्रक लागावं, आणि दवंडी पिटावी. चाचणीनंतर आठवड्याच्या आत प्रत्येक नदीकाठच्या गावात पीडीओने, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याने, माणसं बसवून तीन प्रश्न विचारावेत : वाजला का, कळला का, खरा असता तर काय केलं असतं. मिळालेली उत्तरं गावाच्या नावासह जाहीर करावीत, चांगली असोत की वाईट. ज्यांनी इशारे बंद केले त्यांचे फोन पुन्हा चालू करून द्यायला शाळा-कॉलेजची पोरं घ्या. ज्या पोराने आमचे बंद केले तोच आज घरोघर जाऊन चालू करून द्यायला तयार आहे, मी त्याला विचारलं आहे.

गावच्या खुणा मोजपट्टीशी जोडायचं काम उन्हाळ्यात करा. सगळी गावं एकदम होणार नाहीत हे मला समजतं. दरवर्षी पूल जिथे बुडतात तिथून सुरुवात करा. दोन्ही राज्यांच्या सीमेवर एक संयुक्त चाचणी घ्या. आणि धरणातून पाणी सोडल्याची बातमी दोन्ही काठांना एकाच वेळी देण्याची लेखी पद्धत ठरवून ती लोकांसमोर ठेवा.

पुरात माणसांना ठेवायच्या जागेला आपल्या राज्यात "काळजी केंद्र" म्हणतात. नंतरच्या एका पुरात शाळेच्या दारावर त्या नावाचा कन्नड फलक होता. आत्तींनी कुणाला तरी विचारलं, काय लिहिलंय. त्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काळजी? म्हंजे आपलीच काळजी का?" तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. पुराच्या चार रात्री त्या तिथे झोपल्या, कन्नड बायकांच्या शेजारी, एका सतरंजीवर. तिथे कुणाची कुणाशी भाषेवरून अडचण झाली नाही.

पुढच्या चाचणीची तारीख ठरली की मजकूर पक्का करण्याआधी आमच्याकडे या. संस्था सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात उघडी असते. रांगेत म्हातारी माणसं असतात, पोरं असतात, मराठी असतात, कन्नड असतात. तुमचा निरोप त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी काय ऐकलं ते लिहून घ्या. बसायला खुर्ची आहे, चहा मी देईन.

आपली,
वेदगंगेकाठच्या एका दूध संस्थेची सेक्रेटरी
ता. निपाणी, जि. बेळगाव